आईच्या खुब्याचा गोळा

जुलैमधला रविवार, पहाटेचे पावणेपाच. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरला रात्रभर पाऊस लागून होता आणि वीज गेली होती. शिवारात रोप लावणी सुरू असल्याने आदल्या दिवशी सगळेच दमून झोपले होते. तांब्या गडगडल्याचा आवाज आला म्हणून मी उठलो. मोरीच्या उंबऱ्यापाशी आई आडवी पडली होती.

"काय नव्हं रे, जरा घसरलो," ती म्हणाली. आमच्या भागातल्या बायका 'घसरले' म्हणत नाहीत, 'घसरलो'च म्हणतात. आवाजही नेहमीचा होता. पण बॅटरीच्या उजेडात तिचा उजवा पाय बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. पाऊल पूर्ण बाहेर वळून करंगळीच्या बाजूने जमिनीला टेकलं होतं. दोन्ही टाचा शेजारी धरल्या तर उजवी टाच बोटभर वर दिसत होती.

हा पाय मी आधी एकदा बघितला होता. १९८६ साली, मी सातवीत असताना, माझी आज्जी खळ्यात पडली तेव्हा तिचाही पाय असाच वळला होता. हाडवैद्याने लेप लावला, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या, पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाशी विटा लटकवल्या. सहा आठवडे हलायचं नाही, असं सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात तिच्या पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला आणि ती गेली. घरात सगळे म्हणाले, वय झालं होतं. मोडलेल्या हाडाने माणूस मरत नाही, त्या हाडापायी पलंगाला खिळल्याने मरतो, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

शेजारच्या काकू खोबरेल तेल गरम करून घेऊन आल्या. त्यांच्या मनात माया होती, पण मी तेल लावू दिलं नाही आणि आईला उभंही करू दिलं नाही. उद्यमबागेत माझं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. तिथल्या रॅकसाठी आणलेली साडेसहा फुटी प्लायची फळी पडवीत होती. बायको, मी आणि शेजारचा मुलगा, तिघांनी चादरीसकट आईला त्या फळीवर घेतलं, दोन्ही पायांच्या मध्ये उशी घातली आणि १०८ ला फोन केला.

बेळगावातल्या ज्या दवाखान्यात आधी नेलं, तिथे एक्स-रे लगेच झाला. खुब्याच्या सांध्यातला गोळा आणि मांडीचं हाड यांना जोडणारी जी मान असते, ती मोडून सरकली होती. ऑपरेशन लागणार हेही लगेच सांगितलं. पण आईची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या चालू होत्या. "रक्त पातळ आहे, गोळी बंद करून आठवडाभर थांबू," असं ठरलं. पायाला पट्ट्या गुंडाळून, दोरी कप्पीवरून घेऊन तीन किलोचं वजन लटकवलं. ते वजन बघून मला आज्जीच्या विटा आठवल्या, पण मी गप्प राहिलो. डॉक्टरांना उलट विचारायचं कसं, हा संकोच आमच्यासारख्यांच्या अंगात मुरलेला असतो.

त्या रात्रीची एक गोष्ट मला अजून सोडत नाही. वॉर्डात रात्री बायकांच्या बाजूला पुरुषांना थांबू देत नव्हते आणि बायको घरी गाईगुरांचं बघायला गेली होती. सिस्टर गोकाककडची, वीस-बावीस वर्षांची पोरगी, एकटी अख्खा वॉर्ड सांभाळत होती. ती दर दोन तासांनी येऊन आईला विचारत होती, "अज्जी, नोवु ऐतेनु?" दुखतंय का, एवढंच ते कानडी. आईचं माहेर कणकुंबीकडचं, जंगलातलं. लग्न होऊन येळ्ळूरला आली आणि पंचावन्न वर्षं मराठी गावातच गेली, त्यामुळे बाजारात लागेल तेवढंच कानडी तिला येतं. तिने ऐकलं 'नऊ'. तिला वाटलं, पोरगी वेळ विचारते. ती सांगायची, "नाही गं बाई, घड्याळ दिसत नाही." सिस्टरला त्यातलं 'नाही' तेवढं कळायचं आणि ती पुढच्या पलंगाकडे जायची. रात्रभर आईला दुखण्याचं इंजेक्शन मिळालं नाही. सकाळी मी गेलो तेव्हा तिने पलंगाची लोखंडी दांडी इतकी आवळून धरली होती की बोटं सोडवावी लागली. ती मला ओळखत होती, पण मधूनच माझ्या वडिलांना हाका मारत होती. वडील जाऊन अकरा वर्षं झालीत.

माझी भाची पुण्यात ऑर्थोपेडिक वॉर्डात नर्स आहे. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मामा, आठवडा थांबायचं नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरला शक्यतो चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ऑपरेशन करतात. क्लोपिडोग्रेलसाठी थांबलंच पाहिजे असं नाही. पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायची तर त्या गोळीचा अडथळा येतो, कारण मणक्यात रक्त साकळायची भीती असते. मग पूर्ण भूल देतात. तिथं विचार, नसेल होत तर हलव." आणि ते वजन? ऑपरेशनच्या आधी तसं वजन लावल्याने दुखणं कमी होतं, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही, हेही तिनेच सांगितलं.

पुण्याला असलेल्या धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं होतं. "दादा, डॉक्टर सांगतायत तर थांबू की. हृदयाचं दुखणं आहे तिला." त्याची भीती खोटी नव्हती. पण एका बाजूला रक्तस्राव थोडा जास्त होण्याची भीती आणि दुसऱ्या बाजूला आठ दिवस आईने उताणं पडून राहणं, यात मला दुसरी भीती मोठी दिसत होती. सोमवारी दुपारी आम्ही तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं.

तिथे पहिली गोष्ट झाली ती दुखणं थांबवण्याची. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी जांघेत सोनोग्राफीच्या मशीनने बघत एक इंजेक्शन दिलं. खुब्याकडून दुखण्याची जाणीव नेणाऱ्या नसा त्याने बधिर होतात. वीस मिनिटांत आईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि ती घोरायला लागली. छत्तीस तासांनी तिला झोप लागली होती. ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांनी हे इंजेक्शन मिळेल का, एवढं जरूर विचारावं. ऑपरेशन कधी होईल ते होईल, तोवर म्हाताऱ्या माणसाने कण्हत पडायचं कारण नाही.

हृदयाची इको झाली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं म्हणून एक पिशवी रक्ताची सोय करायला सांगितलं. संध्याकाळी सर्जन आले. मातृभाषा कानडी, पण मराठी जपून, अचूक बोलणारे. मी लेथवर काम करतो हे कळल्यावर केस पेपर उलटा करून त्यांनी मागच्या बाजूला चित्र काढलं आणि पुढचा अर्धा तास मला त्या हाडाची घडण समजावली.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, गोळ्याखाली तिरकी मान, आणि मान जिथे दांड्याला मिळते तिथे दोन उंचवटे. खुब्याचं फ्रॅक्चर म्हणजे बहुतेक वेळा या मानेत किंवा त्या उंचवट्यांच्या भागात. एक्स-रेवर दोन जागांमधलं अंतर दोन-तीन बोटांचं. पण उपचार पूर्ण वेगळे, आणि त्याचं कारण रक्तपुरवठा. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य बारीक वाहिन्या मानेला चिकटून खालून वर चढतात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. मग तुकडे कितीही नीट जुळवले तरी गोळा आतून वाळत जाऊन ढासळण्याची भीती राहते. उंचवट्यांच्या भागात मात्र हाड मऊ, जाळीदार आणि रक्ताने भरलेलं असतं. तिथे हाड जुळायला तयारच असतं, फक्त त्याला जुळेपर्यंत धरून ठेवावं लागतं.

त्यावरून निपाणीच्या मावशीचा घोळ मला एकदम सुटला. मावशी दोन वर्षांपूर्वी पडली तेव्हा तिला रॉड टाकला होता. सकाळपासून तिची मुलं फोनवर सांगत होती, "आमच्या आईचं रॉडवर भागलं, तुम्ही गोळा कशाला बदलता? स्वतःचं हाड ते स्वतःचं." मावशीचं हाड उंचवट्यांच्या भागात मोडलं होतं. तिला रॉड बरोबर, आईला नाही. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी खुब्यातच मोडल्या, पण दुखणं एक नव्हतं.

मावशीच्या जागी मोडलं तर काय करतात, तेही मी विचारून घेतलं, कारण त्यात माझ्या धंद्यातलं डोकं चालत होतं. मोड साधी असेल तर बाहेरून प्लेट आणि तिच्या नळीतून गोळ्यात जाणारा जाड स्क्रू. हा स्क्रू नळीत सरकता असतो. माणूस पायावर वजन देतो तसा तो मागे सरकतो आणि मोडलेले तुकडे एकमेकांवर दाबले जातात. चालणंच हाड जुळवायला मदत करतं, अशी ती रचना आहे. मोडीचे तुकडे जास्त असतील किंवा मोड उलट्या तिरक्या दिशेने असेल तर प्लेट पुरत नाही. मग हाडाच्या पोकळीत वरून रॉड घालतात आणि त्यातून गोळ्यात स्क्रू नेतात. रॉड वजनाच्या रेषेच्या जवळ बसतो, त्यामुळे त्याच्यावर वाकवणारा जोर कमी येतो. भिंतीपासून लांब बाहेर काढलेला ब्रॅकेट आधी वाकतो, हे आम्हाला रोजच दिसतं.

आता आईचा प्रश्न. मान मोडूनही जागची हलली नसती तर तीन पोकळ स्क्रू घालून भागलं असतं. छोटं ऑपरेशन, रक्तही कमी जातं. पण तिचे तुकडे पार सरकले होते. तरुण माणूस असता तर त्याचा स्वतःचा गोळा वाचवायची धडपड केली असती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्क्रू घालायचे, सहा महिन्यांनी गोळा ढासळायचा आणि मग दुसरं ऑपरेशन करायचं, हे तिच्या हृदयाला झेपलं नसतं. म्हणून मोडका गोळा काढून धातूचा बसवायचा हे ठरलं.

त्यातही दोन वाटा होत्या. फक्त मांडीच्या बाजूचा गोळा बदलायचा, किंवा कमरेच्या हाडातली वाटीसुद्धा बदलून पूर्ण सांधा नवा करायचा. पूर्ण सांध्याची बाजू अशी की जी माणसं धडधाकट आहेत, बाहेर हिंडतात, ज्यांचा सांधा आधीच झिजलेला आहे, त्यांना पुढे दुखणं कमी राहतं. उलट बाजू अशी की ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं आणि गोळा वाटीतून निसटायची शक्यता वाढते. आई पडायच्या आदल्या दिवसापर्यंत बांधावर जाऊन येत होती, म्हणून भावाला वाटत होतं की करायचंच तर पूर्ण करू, पैशाकडे बघू नये. भाचीने त्याला २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासाचं सांगितलं. दहा देशांतली ८० रुग्णालयं आणि जवळपास दीड हजार रुग्ण, सगळ्यांची मान मोडून सरकलेली. पूर्ण सांधा आणि अर्धा सांधा, दोन्हीकडे दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच, शंभरात आठच्या आसपास. पूर्ण सांध्यात हिंडणं-फिरणं थोडं सरस, पण फरक लहान. आईचं वय, हृदय आणि खाली बसायची सवय बघून आम्ही अर्ध्या सांध्यावर एकमत झालो.

बसवायचा होता तो बायपोलर. म्हणजे लहान गोळा मोठ्या गोळ्यात फिरतो आणि मोठा गोळा कमरेच्या वाटीत. बेअरिंगमध्ये बेअरिंग. मला ती कल्पना फार आवडली आणि मी तिचं कौतुक करायला लागलो. सर्जन म्हणाले, "तुमच्या आईच्या वयात साध्या एका गोळ्यापेक्षा हा स्पष्टपणे चांगला चालतो, असं सिद्ध झालेलं नाही. आमच्या हाताला याची सवय आहे म्हणून हा घालतो." इतकं सरळ उत्तर मी अपेक्षिलं नव्हतं. त्या वाक्यानंतर माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

शेवटचा मुद्दा सिमेंटचा. गोळ्याचा दांडा मांडीच्या हाडात नुसता ठोकून घट्ट बसवता येतो किंवा सिमेंट भरून. मला ठोकलेलं फिट जास्त बरं वाटत होतं. आम्ही रोज तेच करतो. पण आम्ही ठोकतो ते पोलादात. म्हाताऱ्या हाडाची भिंत पातळ असते, ठोकताना किंवा पुढे कधी तडा जाऊ शकतो. २०२२ साली ब्रिटनमधल्या बाराशेहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात सिमेंट घातलेल्यांचं चार महिन्यांनंतरचं जगणं जास्त सुसह्य होतं आणि दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचे प्रसंग कमी होते. सिमेंट म्हणजे चिकटवायचा गोंद नव्हे. पावडर आणि द्रव कालवून पोकळीत दाबून भरतात, ते थोड्या मिनिटांत गरम होऊन कडक होतं आणि दांडा व हाड यांच्यातली फट भरून काढतं. मशीनच्या पायाखाली आपण ग्राउट भरतो, तसंच. याला एक धोका आहे. सिमेंट दाबताना काहींचा रक्तदाब अचानक उतरतो, क्वचित जीवावर बेततं. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी हे भावाला आणि मला समोर बसवून सांगितलं आणि त्या क्षणी त्या काय काय तयार ठेवणार आहेत तेही सांगितलं.

संमतीपत्र आलं ते इंग्रजी आणि कानडीत. मी मराठी शाळेत शिकलो. कानडी अक्षरं लावून लावून वाचतो. आईला तर दोन्ही लिपी येत नाहीत. मी म्हटलं, सही तिची आहे, तर तिला कळलं पाहिजे. एका ज्युनियर डॉक्टरने, चिकोडीकडचा मुलगा, खुर्ची ओढली आणि ओळ न ओळ मराठीत सांगितली. आईने मधेच विचारलं, "मी मेलो तर काय करशीला?" तो गडबडला नाही. म्हणाला, "आज्जी, तसं होऊ नये म्हणूनच उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा लावलाय." मग आईने अंगठा न देता सही केली. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती, आणि सही करायचा तिचा हट्ट असतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. रेशन कार्ड घेऊन आधी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकच्या खिडकीवर जावं. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला ठरलेल्या दराच्या तीस टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. आमचं कार्ड एपीएल. बाकीची जुळवाजुळव भावाने आणि मी केली.

मंगळवारी सकाळी आठला आईला आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं भाऊ बसलो. दीड तासाने सर्जन स्वतः बाहेर आले. हातात स्टीलच्या ट्रेमध्ये आईचा काढलेला गोळा. हस्तिदंतासारखा पिवळट पांढरा, वरून इतका गुळगुळीत की कुठल्याही ग्राइंडिंगने तसा फिनिश मला कधी काढता आलेला नाही. मोडलेल्या बाजूने मात्र आतली जाळी दिसत होती, जुन्या स्पंजासारखी विरळ. "४४ मिलिमीटर," ते म्हणाले. आत त्यांनी तो मोजला होता आणि त्याच मापाचा धातूचा बसवला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षं त्या गोळ्यावर आईने घागरी वाहिल्या, लावणी केली, आम्हा तिघांना कडेवर घेतलं. मी हात जोडले. ते डॉक्टरांना होते की त्या गोळ्याला, मला आजही सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं आता निभावलं. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. बुधवारी सकाळी फिजिओथेरपीवाली ताई वॉकर घेऊन आली. "आज्जी, उठायचं." मी म्हटलं, "काल ऑपरेशन झालंय." ती म्हणाली, "म्हणूनच." सिमेंटमुळे पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन देता येतं. आई चार पावलं चालली, घामाने भिजली आणि पलंगावर बसून रडली. दुपारी सहा पावलं. सर्जनांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही धातूचं फार विचारता. धातू बसलाय. आता त्या दिवसातून किती वेळा पलंगाबाहेर येतात ते मोजा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी शंभरात वीस ते तीस वर्षाच्या आत जातात. त्यातले बरेच छातीने, जंतुसंसर्गाने, हृदयाने." लघवीची नळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं सुरू झाली.

रात्री तिचं मन भरकटायचं. पहिल्या दवाखान्यात सुरू झालेलं ते तीन रात्री चाललं. छताला भाताचे वाफे दिसायचे, पाणी फोडायला सांगायची. याला डिलिरियम म्हणतात, या वयात अशा ऑपरेशनच्या आगेमागे ते फार जणांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं, हे कळेपर्यंत आम्ही घाबरून गेलो होतो. भाचीच्या सांगण्यावरून आईचा चष्मा घरून आणला, समोर मोठं घड्याळ लावलं, दिवसा पडदे उघडे ठेवले आणि रात्री घरचंच एक माणूस जवळ. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाला लावलं: नोवु म्हणजे दुखणं. आईला ते पाठ झालं. तिने उलट सिस्टरांनाच 'दुखतंय काय' शिकवलं, आणि चौथ्या दिवशी रात्रीची सिस्टर अगदी आमच्या येळ्ळूरच्या ठेक्यात विचारत होती, "आज्जी, दुखायलंय काय?"

सातव्या दिवशी घरी आलो. आमची घरं म्हाताऱ्या खुब्यासाठी बांधलेली नाहीत. सगळं जमिनीवर. जेवण, विळी, देवपूजा, संडास. आईचा सांधा मागच्या बाजूने उघडलेला, म्हणून निदान तीन महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नव्हता. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना मध्ये उशी. संडासात कमोडची खुर्ची बसवली. मोरीच्या भिंतीला दीड इंची स्टीलच्या पाइपचे दांडे मी स्वतः वेल्ड करून लावले. उंबरा काढायचा विषय निघाला तेव्हा काकूंनी विरोध केला, उंबरा मोडू नये म्हणाल्या. मी तो मोडला नाही. दोन्ही बाजूंनी चेकर्ड पत्र्याचे उतार करून बसवले. हळदकुंकू लावायला मध्ये जागा ठेवली आहे.

गौरीला सर्वांत अवघड गेलं. गौरीपुढे पाटावर बसल्याशिवाय पूजा होत नाही असं तिचं मत. बायकोने गौरीच टेबलावर मांडली. "आत्या, यंदा गौरी तुमच्या उंचीला आलीय," ती म्हणाली. आई खुर्चीवर बसून ओवसा करताना मी बघितली.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला सहा वर्षं आधी कळायला हवी होती. तेव्हा आई अंगणात पडून तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर केलं, निघालं, विसरलो. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली खूण असते. तिची उंचीही कमी झाली होती, लुगडं पायात घोळायचं, आणि आम्ही म्हणायचो म्हातारपण. कोणी हाडांची तपासणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. आता ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू केलं, मूत्रपिंड आणि दात तपासले, आणि दोन महिन्यांनी हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन दिलं. वर्षातून एकदाच घ्यायचं असतं. रात्री ताप आला, अंग दुखलं, दोन दिवसांत ओसरलं. खुबा मोडल्यानंतर हे औषध घेतलेल्यांमध्ये पुन्हा हाड मोडण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण कमी होतं, असं २००७ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. निपाणीच्या मावशीला रॉड टाकल्यावर यातलं काहीच सुरू झालं नव्हतं. गेल्या महिन्यात तिलाही दिलं.

सुगीला आई काठी घेऊन बांधापर्यंत गेली. राजहंसगडाकडे तोंड करून खुर्चीवर बसली आणि बासमतीच्या कापणीवर देखरेख केली. पहिल्यासारखी चाल नाही. जिना नको म्हणते, पाऊस असला की बाहेर पडत नाही, आणि रात्री मोरीकडे जाताना मला हाक मारते, जे ती आधी कधी करत नव्हती.

परवा पहाटे दार वाजलं. पलीकडच्या गल्लीतल्या काकी गोठ्यात पडल्या होत्या. त्यांचा मुलगा धापा टाकत सांगत होता की पाय वळलाय. मी पडवीतून फळी काढली. आतून, अंथरुणातूनच आईचा आवाज आला:

"तेल लावू देऊ नकोस. आणि ती रक्त पातळ व्हायची गोळी खाते काय, ते आधी विचार."